कंपवाताच्या परीक्षेची पूर्वतयारी

३ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

गृहीतके. एक: मला दोन वर्षांपासून कंपवात आहे, असं मेंदूच्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं आहे. दोन: ‘ही’ म्हणजे बायको. तीन: माझी तब्येत ठणठणीत आहे.

खरं तर तिसरं सिद्ध करायला हवं. पण ते इतकं उघड आहे की गृहीतच धरलं.

ही वही वाचणारा मी एकटाच. तेव्हा इतकं मांडून घ्यायची गरज नव्हती. पण चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, सवय जात नाही.

डॉक्टरीणबाईंनी एक तक्ता दिलाय. दर तासाला खूण करायची: हालचाल चांगली, मध्यम की बंद. गोळ्या सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. वीस तारखेला तक्ता घेऊन तपासणीला हजर व्हायचं. तक्ता भरीनच. पण आतलं काय ते या वहीत लिहीन. वही जुन्या कंपासपेट्यांच्या खोक्यात, अगदी तळाशी. हिला सुगावा लागणार नाही.

आजचं अक्षर टपोरं, ऐसपैस. याला कंपवात म्हणायचं तर म्हणा बापडे.

३ फेब्रुवारी, दुपारी १२.४०

आत्ता अक्षर जरा बारीक येतंय. मुद्दामच. एका ओळीच्या जागेत तीन बसतात. कागदाची बचत होते, शिवाय गुप्तता.

खोकं काढताना हातातून पडलं. कंपासपेट्या घरभर. पुठ्ठा फार गुळगुळीत आहे. हिने आतून विचारलं, काय पडलं? मी म्हणालो, काही नाही. ही म्हणाली, काय म्हणालात? मी म्हणालो, काही नाही. ही म्हणाली, काय म्हणालात?

हिच्या कानांचं काहीतरी करायला हवं.

५ फेब्रुवारी, सकाळी १०.००

काल दिवसभर मोजलं. ‘काय म्हणालात’ एकूण तेवीस वेळा. हिला काळजी वाटू नये म्हणून काही बोललो नाही. बोललो असतो तरी ऐकू गेलं नसतं.

कानाच्या डॉक्टरकडे नंबर लावला. फोनवरच्या बाईला नाव तीनदा सांगावं लागलं. आजकाल बहिरेपणाची साथच आहे.

८ फेब्रुवारी, सकाळी ११.१५

हिचे कान तपासून आणले. निकाल: उत्तम. विशीतल्या मुलीला शोभतील असे कान आहेत, असं डॉक्टर म्हणाला. ही घरी येईपर्यंत हसत होती.

मशीन बिघडलेलं असणार. निघताना त्याने मला विचारलं, तुम्हाला काही त्रास? मी सविस्तर उत्तर दिलं. तो म्हणाला, काय म्हणालात? कानाच्या डॉक्टरचीच ही गत.

९ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

(बचत चालू आहे. अक्षर फारच बारीक जमलंय.)

हिच्या बहिणीचा फोन आला होता. तिचा गुडघा बदलायचाय, वीस मार्चला. तू आठ दिवस येशील का, असं विचारत होती. ही लगेच हो म्हणाली नाही. फोन हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. दोन वर्षांत ही एक दिवसही घराबाहेर राहिलेली नाही. बहिणीकडे नाही, मैत्रिणीकडे नाही. माझ्या शर्टाची बटणं, माझ्या गोळ्या, माझे बुटाचे बंद.

मी म्हणालो, खुशाल जा, मी एकटा राहीन. ही म्हणाली, डॉक्टर हो म्हणाल्या तर जाईन. मग कपाटावरची बॅग काढली आणि ओल्या फडक्याने पुसली. अजून काही ठरलेलं नाही, तरी पुसली.

ठराव: वीस तारखेला पहिल्या वर्गात पास व्हायचं. हिला पाठवायचंच. यात तडजोड नाही.

११ फेब्रुवारी, सकाळी १०.२०

वरच्या मजल्यावर रिटायर्ड स्टेशनमास्तर राहतात. त्यांनाही हेच. त्यांचा डावा हात, माझा उजवा. समोरासमोर बुद्धिबळाला बसलो की पट आपोआप हलतो आणि मग घोडा कुणी सरकवला यावर वाद होतात. गोळ्या मात्र ते घड्याळाबरहुकूम घेतात. दहा चाळीसची गोळी दोन मिनिटं लेट झाली तरी अस्वस्थ होतात. अशा माणसाला रोग डोक्यावर बसू देण्याची सवय लागते.

त्यांनी पेपर फोडला. डॉक्टरीणबाई त्यांच्याही त्याच. प्रश्न दरवेळी सारखेच असतात म्हणे. अंगठ्यावर बोट आपटा. मूठ उघडा-मिटा. हात न टेकता खुर्चीतून उठा. चालून दाखवा, वळून या. मग त्या मागून खांदे खेचतात, तेव्हा पडायचं नाही. शेवटी कागदावर चक्री काढायची, आतून बाहेर, एका वेढ्याला दुसरा लागू न देता.

मी स्पष्ट सांगितलं, पेपर असा आधी कळणं बरोबर नाही. मी चौतीस वर्षं परीक्षेला सुपरवायझर होतो. नुसत्या अक्षरावरून कॉपी पकडायचो. मला बघून वर्गच्या वर्ग थरथर कापायचे.

मग विचारलं, चक्रीला वेढे किती?

१२ फेब्रुवारी, दुपारी १२.३५

स्वयंपाकघराच्या दारात थांबलो होतो. काही लोकांचे पाय असे दारात चिकटतात म्हणे. माझं तसलं काही नव्हतं. मी विचार करत होतो. फक्त विचार संपल्यावरही पाय निघाले नाहीत.

ही आली. म्हणाली, अहो, माझं पाऊल ओलांडा. आणि स्वतःचं पाऊल माझ्यापुढे आडवं धरलं. ओलांडलं आणि चालायला लागलो. योगायोग असतात.

१३ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

आठवड्यातून एकदा व्यायामवाला येतो. आज त्याने स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या, वीत वीत सोडून. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो, म्हणे. घराचा रस्ता झाला. आता सिग्नल तेवढा बसवायचा राहिला.

शिवाय आवाजाचा व्यायाम. पोटातून श्वास घ्यायचा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला एक बहिरा माणूस बसलाय असं समजून बोलायचं. मी म्हणालो, समजायला कशाला हवं, आहे की. ही म्हणाली, काय म्हणालात?

१५ फेब्रुवारी, सकाळी १०.१०

अभ्यास जोरात. काल सकाळी चौपन्न चक्र्या काढल्या. छान गरगरीत गोगलगाई आल्या. दुपारी साडेबाराला आणखी सहा काढल्या, त्या मोहरीएवढ्या झाल्या आणि वेढे मोजता येईनात. निष्कर्ष: अभ्यास नेहमी सकाळीच करावा. दुपारी बुद्धी तल्लख नसते.

बोट आपटणं: मिनिटाला ऐंशी. (पहिली वीस मोजली, पुढचा हिशेब त्रैराशिकाने.)

खांदे खेचण्याच्या सरावाला ही तयार होईना. फार मागे लागलो तेव्हा दोन बोटांनी खेचलं. मी सोफ्यावर बसलो. पडलो नाही, बसलो.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.३०

तक्ता भरायला घेतला. सोळा दिवसांचा भरायचा राहिलाच होता. एका बैठकीत उरकला. मुलं प्रयोगवही अशीच आदल्या दिवशी भरायची आणि मी एकाच शाईवरून ओळखायचो. म्हणून मी तीन पेनं वापरली. खरेपणा यावा म्हणून एका कोपऱ्यात चहाचा डाग पाडायचा विचार होता. तो आपोआपच पडला, तिन्ही पानांवर.

सगळीकडे ‘चांगली’. संशय यायला नको म्हणून दोन ठिकाणी ‘मध्यम’.

एकच खटकतंय. डॉक्टरीणबाईंचा निरोप आहे की उद्या सकाळची गोळी न घेता यायचं. गोळीशिवाय मी कसा चालतो ते आधी बघणार, मग तिथे गोळी देऊन तासाभराने पुन्हा बघणार, आणि त्या फरकावरून डोस ठरवणार. चष्मेवाल्या मुलाला चष्मा काढून पेपर लिहायला बसवण्याचा हा प्रकार. मी सुपरवायझर असतो तर चालू दिलं नसतं.

२० फेब्रुवारी, सकाळी ६.०५

दोन गोळ्या घेतल्या. ही अंघोळीला गेली होती.

याला कॉपी म्हणता येणार नाही. कॉपी म्हणजे दुसऱ्याचं बघून लिहिणं. गोळ्या माझ्याच आहेत.

२० फेब्रुवारी, दुपारी १.३०

पास! पास कसला, पहिला आलो.

बोटं ताशासारखी वाजवली. खुर्चीतून असा उठलो की खुर्ची मागे सरकली. चक्री तर फ्रेम करून लावावी अशी. डॉक्टरीणबाईंनी खांदे खेचले तेव्हा जागचा हललो नाही. म्हणजे मागे पडलो नाही. बाकी हलत होतो. मान, खांदे, डावा पाय, सगळंच जरा झुलत होतं. आत्मविश्वास असला की अंग एका जागी ठरत नाही.

त्यांनी दोनदा विचारलं, सकाळची गोळी घेतली नाहीत ना? मी पोटातून श्वास घेऊन सांगितलं, नाही. दोन्ही वेळा.

त्या माझ्या झुलण्याकडे बघत राहिल्या. मग तक्ता चाळला, डागांसकट. म्हणाल्या, गोळीशिवाय हे असं असेल तर औषध जास्तच होतंय, ही जादा हालचाल त्याचीच. प्रत्येक गोळी अर्धी करू या. ही मध्येच म्हणाली, पण दुपारी यांचे पाय चिकटतात हो. डॉक्टरीणबाईंनी तक्त्यावर बोट ठेवलं: दुपारी बारा ते दोन, ‘चांगली’, सतराही दिवस. पुराव्यापुढे कोण काय बोलणार.

औषध अर्ध्यावर! रोग परतीच्या वाटेला लागला. आठ दिवस बाहेर जायला हिला परवानगी मिळाली. येताना हिने तिकीट काढलं, एकोणीस मार्चचं. गाडीत माझा हात धरून बसली होती. माझा हात तेव्हाही झुलत होता, तर त्याच्याबरोबर हिचाही.

२१ फेब्रुवारी, सकाळी १०.००

स्टेशनमास्तरांना बातमी सांगितली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. पण ते त्यांच्या आजारातच बसतं. जळले असणार.

घरी येऊन पिवळ्या पट्ट्या उचकटून टाकल्या. पास झाल्यावर कोणी गाइड जपून ठेवत नाही. ही म्हणाली, राहू द्या की. मी म्हणालो, कशाला? ही म्हणाली, काय म्हणालात? तोवर शेवटची पट्टी निघाली होती.

२६ फेब्रुवारी, दुपारी १२.१५

आज शर्ट घालायला पाऊण तास लागला. हल्ली काजं लहान शिवतात. हा शर्ट सहा वर्षांचा आहे हे मान्य. पण धुतल्यावर काजं आटतात.

अक्षर इतकं बारीक झालंय की माझं मलाच वाचता येईना. गुप्तता शंभर टक्के.

१ मार्च, सकाळी ९.३०

हिने बॅग भरली. निघायला अठरा दिवस आहेत. बहिणीसाठी विणलेली शाल तळाशी, त्यावर स्वतःचे कपडे, कडेला चप्पल कागदात गुंडाळून. भरताना गुणगुणत होती. हिला गुणगुणताना शेवटचं कधी ऐकलं होतं ते आठवेना. मी दारात उभा राहून ऐकलं. मुद्दाम उभा होतो. खरंच मुद्दाम.

४ मार्च, सकाळी ११.००

ताकद यावी म्हणून सकाळची अर्धी गोळी चार उकडलेल्या अंड्यांबरोबर घ्यायचं सुरू केलं होतं. आज व्यायामवाला म्हणाला, असल्या खाण्याबरोबर ही गोळी नीट लागू पडत नाही, अर्धा-पाऊण तास आधी घेत जा. म्हणजे अर्ध्या गोळीतली अर्धी अंड्यांनी खाल्ली. म्हणूनच पावलं जड होती. कारण सापडलं, मिटलं. आजाराचा संबंध नाही.

८ मार्च, संध्याकाळी ६.००

आज सराव परीक्षा होती. ही दोन तास बाजारात जाणार, मी एकटा. ही परत येईल तेव्हा मी खुर्चीत पाय ताणून पेपर वाचत बसलेला दिसायला हवा, असा बेत.

११.२०: चहा केला. उत्तम झाला.

११.३०: कप घेऊन निघालो. स्वयंपाकघराच्या दारात थांबलो.

१२.२०: अजून तिथेच होतो.

मध्यंतरी स्टेशनमास्तरांनी बेल वाजवली. मी ओरडलो, दार उघडं आहे, आत या. ते थोडा वेळ थांबले आणि जिना चढून गेले. चहा आधी थोडा थोडा सांडला, मग सगळाच सांडला. जमिनीवर पट्ट्या उचकटल्याच्या चिकट खुणा होत्या. त्यांच्याकडे बघून पाय उचलायचा प्रयत्न केला. खुणांनी दाद दिली नाही.

पन्नास मिनिटं एका जागी उभं राहता येणं ही तशी ताकदीचीच गोष्ट आहे.

साडेबाराच्या आधीच ही आली. मला बघितलं, पिशव्या खाली ठेवल्या आणि चपला न काढता पाऊल आडवं धरलं. ओलांडलं. हिने माझ्या हातातला रिकामा कप घेतला, फरशी पुसली.

चारच्या सुमारास बॅग उघडली. कपडे एकेक करून कपाटात ठेवले. चपलेचा कागद घडी करून ठेवला. शाल तेवढी मांडीवर घेऊन बसली होती. मला लाज वाटली. काजं, पुठ्ठा, अंडी, कशाचंही नाव पुढे करता येईना.

९ मार्च, दुपारी १.००

हिने बाजारातून मोठं भिंग आणलं. औषधांच्या पाकिटांवरची तारीख वाचायला, म्हणे. वय झालं की डोळे जातात.

तिकीट अजून रद्द केलेलं नाही. उद्या करते म्हणाली.

१० मार्च, सकाळी ९.४५

ठराव: हिने तिकीट रद्द करायच्या आत डॉक्टरीणबाईंना खरं काय ते सांगायचं. गुपचूप, फोनवर. हिला कळू न देता.

१० मार्च, सकाळी १०.३०

पहिला फोन: दवाखान्यातली बाई म्हणाली, हॅलो, हॅलो, आवाज येत नाही. ठेवला.

दुसरा फोन: तेच.

तिसरा फोन: आता मात्र पोटातून श्वास घेतला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बहिरा माणूस बसवला आणि म्हणालो, मी कॉपी केली! तपासणीला दोन गोळ्या खाऊन आलो होतो! तक्ताही खोटा आहे!

ती बाई म्हणाली, काका, हळू, ऐकू येतंय. वरच्या मजल्याची खिडकी उघडली आणि स्टेशनमास्तरांनी विचारलं, कुणी पकडलं? स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

ही हात पुसत बाहेर आली. म्हणाली, माहीत आहे मला. काल वाचलं. मी विचारलं, काय वाचलं? ही म्हणाली, तुमची वही. भिंग त्याच्याचसाठी आणलं. अहो, ते खोकं रोज पडतं, घरभर आवाज होतो, तुम्ही काहीतरी लपवताय हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. म्हटलं असेल एखादं गुपित, असू दे. परवा ते दारातलं बघितलं आणि मग नाही राहवलं. कालपासून वाट बघतेय तुम्ही आपणहून कधी सांगताय त्याची.

मग म्हणाली, किती स्पष्ट बोललात आज. ही हसत होती आणि डोळे पुसत होती. माझ्या चेहऱ्यावर हल्ली काही उमटत नाही म्हणतात, म्हणून म्हटलं बोलून टाकावं. म्हणालो, चुकलं माझं. एवढं हळू बोललो तरी हिला ऐकू गेलं.

११ मार्च, सायंकाळी ५.००

पुन्हा परीक्षा. गोळी न घेता गेलो. खरोखर न घेता. हिने आणि स्टेशनमास्तरांनी मिळून मला रिक्षात बसवलं.

हिने टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला. या वहीचीच पानं, दुकानातून चौपट मोठी करून आणलेली. मी म्हणालो, ही खासगी वही आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हो, मी मजकूर वाचतच नाहीये. आणि खणातून पट्टी काढली. माझी अक्षरं मोजायला लागल्या! पानावरची वेळ बघायची, अक्षराची उंची मोजायची, कागदावर लिहायची. सकाळी साडेनऊ-दहाची अक्षरं मोठी. दुपारी साडेबाराची मुंगीएवढी. सकाळी सातची त्याहून लहान. सव्वीस फेब्रुवारीला पट्टीवर मोजायला काही सापडेचना. सकाळची गोळी किती वाजता चढते, किती वाजता उतरते, सगळा आलेख निघाला.

म्हणाल्या, इतका प्रामाणिक तक्ता मला आजवर कुणी आणून दिला नव्हता.

चौतीस वर्षं मी अक्षरावरून मुलं पकडली. पट्टी वापरायचं मला कधी सुचलं नव्हतं. पद्धत उत्तम आहे. एवढंच म्हणालो.

मग तपासणी. बोटं आपटेनात. खुर्चीतून तिसऱ्या झटक्याला उठलो. खांदे खेचले तेव्हा त्यांच्या अंगावरच पडलो असतो, हिने धरलं. चक्री मसुरीएवढी आली. गोळी दिली. तासाभराने त्याच कागदावर दुसरी काढली, ती बशीएवढी. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून त्या बराच वेळ बघत होत्या. हीही बघत होती. मीही बघितलं.

निर्णय: गोळ्या आता पाच वेळा. सहा, नऊ, बारा, तीन, सहा. खाण्याच्या आधी. पिवळ्या पट्ट्या परत. आणि रोज एक पान दुरेघी वहीत लिहायचं, अक्षर दोन्ही रेघांना टेकवून. दुरेघी वही! पहिलीतल्या मुलांची!

आठवडाभर असं नीट चाललं तर एकोणीसला या जाऊ शकतील, असं म्हणाल्या. तिकीट अजून शाबूत आहे. ही कालही रद्द करायला गेली नाही.

१९ मार्च, सकाळी ९.५०, दुरेघी वही

आठवडा नीट गेला. बाराची गोळी असते त्यामुळे साडेबाराला दारातून जाता येतं. पट्ट्यांवरून पाय टाकत जातो, दिसायला बरं दिसत नाही, पण चहा खुर्चीपर्यंत पोचतो. रोज वेळेवर स्टेशनमास्तर वरून ओरडतात की नऊची गोळी फलाटावर येत आहे. मी पोटातून श्वास घेऊन उत्तर देतो, आली! शेजाऱ्यांची तक्रार आहे. ती कौतुक म्हणून घेतली.

ही साडेआठला निघाली. बॅग काल संध्याकाळी भरली, पहिल्यासारखीच, शाल तळाशी. दारात पट्ट्या पायाने घासून बघितल्या, निघत नाहीत ना म्हणून. मी म्हणालो, खुशाल जा. सगळ्या जिन्याला ऐकू गेलं. ही हसतच उतरली. गाडी सुटलीही नसेल आणि मला करमेनासं झालं.

जायच्या आधी हिने या वहीत आठ पानं आखून दिली आहेत. एका दिवसाचं एक पान, प्रत्येक पानावर पाच चौकटी. गोळी घेतली की चौकटीत खूण करायची, खाली स्टेशनमास्तरांनी सही करायची. एके काळच्या सुपरवायझरवर सुपरवायझर! वहीला दोऱ्याने पेन्सिल बांधली आहे. पेन का नाही असं विचारलं तर म्हणाली, असू दे.

सहाची गोळी घेतली, खूण केली. नऊची घेतली, खूण केली. मग विचार केला, बाकीच्याही घेणारच आहे. ठराव पक्का आहे. रोज पाचदा वही उघडण्यापेक्षा एका बैठकीत उरकलं तर तेवढाच वेळ अभ्यासाला मिळेल. हातही आत्ता चांगला चालतोय. चाळीसच्या चाळीस चौकटी भरल्या. एकेक खूण ठसठशीत.

शेवटचं पान उलटलं. मागे खालच्या कोपऱ्यात लाल शाईने, हिच्या अक्षरात: ‘घेतलेल्या गोळ्यांच्या खुणा ठेवा, बाकीच्या खोडा. खोडरबर टेबलाच्या वरच्या खणात आहे.’

खण उघडला. दोन होती.

अडतीस खुणा खोडायला एक पुरलं. दुसरं उद्यासाठी ठेवलं.